पोपनी सांगितलं म्हणून खरं, की खरं आहे म्हणून पोपनी सांगितलं?

यावेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच विषयाभोवती फिरतायत, श्रद्धेचा सिद्धांत म्हणजे डॉग्मा नक्की कशाला म्हणायचं, तो ठरवतो कोण, आणि ठरवणाऱ्याला हा अधिकार दिला कोणी. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते आणि ही सगळी जागा याच विषयाला देते. एक शब्द सारखा येणार आहे, मॅजिस्टेरियम. लॅटिनमधे मॅजिस्टर म्हणजे शिक्षक, त्यावरून आलेला शब्द. ख्रिस्तसभेची शिकवायची जबाबदारी आणि तो अधिकार, जो पोप आणि त्यांच्याशी ऐक्यात असलेल्या बिशपांकडे आहे, तो म्हणजे मॅजिस्टेरियम.

प्रश्न : ताई, जय ख्रिस्त. मी नाशिकरोडला राहतो, नोट प्रेसमधे कामाला आहे. बायकोचं माहेर सीएनआयचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे प्रोटेस्टंट), शरणपूरकडचं. नाताळला सगळे एकत्र जमलो की मेहुणा दरवर्षी तेच विचारतो, "दाजी, पोप चुकत नाहीत म्हणता ना, मग उद्या ते म्हणाले की देवात तीन नाही चार व्यक्ती आहेत, तर तुम्ही ते पण मानणार का?" मी म्हणतो तसं ते म्हणणारच नाहीत, पण का नाही म्हणणार हे मला सांगता येत नाही.

दाजी, तुमचं उत्तर बरोबर आहे, फक्त अर्धं आहे. पोप तसं म्हणणार नाहीत एवढंच नाही, तसं म्हणायचा अधिकारच त्यांच्याकडे नाही. आणि हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये, ज्या दस्तऐवजात पोपच्या अचूकतेचा सिद्धांत मांडला त्याच दस्तऐवजात ते लिहिलंय. पहिली व्हॅटिकन परिषद, म्हणजे जगभरच्या बिशपांची सभा, तारीख 18 जुलै 1870, बाहेर वीजांचा कडकडाट चालू आणि आत मतदान, 533 बिशप बाजूने आणि 2 विरुद्ध (ज्यांना हे पटत नव्हतं किंवा ही वेळ योग्य वाटत नव्हती असे बरेच बिशप आधीच रोम सोडून गेले होते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं). त्या ठरावात स्पष्ट म्हटलंय की पेत्राच्या वारसांना, म्हणजे पोपना, पवित्र आत्म्याचं वचन मिळालं ते नवीन शिकवण काढण्यासाठी नाही, प्रेषितांकडून जे हाती आलं ते जिवापाड सांभाळावं आणि नीट समजावून सांगावं यासाठी मिळालं. लोक अचूकता हा एक शब्द उचलतात आणि पुढचं मागचं वाचतच नाहीत.

आणि ती अचूकता पण कधी? पोप सगळ्या ख्रिस्ती लोकांचे मेंढपाळ आणि शिक्षक म्हणून बोलत असतील, आपला सर्वोच्च अधिकार वापरून बोलत असतील, विषय श्रद्धेचा किंवा नीतीचा असेल, आणि संपूर्ण ख्रिस्तसभेने हे मानायलाच हवं असं ते कायमचं ठरवून देत असतील, तेव्हाच. विमानात पत्रकारांशी बोलताना नाही, मुलाखतीत नाही, रोजच्या प्रवचनात सुद्धा नाही. 1870 नंतर आजपर्यंत अशा पद्धतीने एकच सिद्धांत जाहीर झालाय, 1 नोव्हेंबर 1950 ला पोप पायस बाराव्यांनी, की मरियामातेला देहासकट स्वर्गाच्या गौरवात घेतलं गेलं. दीडशे वर्षात एकदा! मेहुण्यांना हे नक्की सांगा, बऱ्याच कॅथलिकांना पण हे माहीत नसतं.

आता तुमच्या कामावरूनच सांगते. प्रेसमधे तुम्ही नोट छापता. शाई, कागद, नंबर सगळ्यावर तुमची नजर, खोटी नोट समोर आली तर तुम्ही हातात घेऊन सांगाल की ही आपली नाही. पण पाचशेच्या नोटेवर सातशे छापायचा अधिकार तुम्हाला आहे का? किंमत तुम्ही ठरवत नाही, ती दुसरीकडून ठरून येते, तुमचं काम ती जशीच्या तशी लोकांच्या हातात जावी हे बघणं. मॅजिस्टेरियमचं सिद्धांताशी नातं असंच काहीसं आहे. अर्थात उदाहरण पूर्ण बसत नाही कारण सरकार एका रात्रीत नोट रद्द करू शकतं हे आपण 2016 ला बघितलंय, आणि सिद्धांत तसा कोणीच रद्द करू शकत नाही, पोप सुद्धा नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मधे देवाच्या शब्दाविषयीचा जो दस्तऐवज काढला, देई व्हर्बुम, त्याच्या दहाव्या परिच्छेदात हे एका वाक्यात आहे, मॅजिस्टेरियम देवाच्या शब्दाच्या वर नाही, त्याची सेवा करतं, आणि जे सोपवलं गेलंय तेवढंच शिकवतं. मला हे वाक्य फार जवळचं आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलं विचारायची की टीचर, वर कोण, बायबल की पोप, तेव्हा मी त्यांना हाच परिच्छेद फळ्यावर लिहून द्यायचे.

पण मग मेहुणे विचारतील (आणि विचारायलाच हवं) की बायबल आहे ना, मग मधे हा शिकवणारा कशाला? त्यांना एवढंच विचारा की तुमच्या चर्चमधे नायसियाचं क्रीड, म्हणजे आपण काय मानतो ते सांगणारी प्रार्थना, म्हणतात ना. म्हणतातच. ते आलं कुठून? सन 325 मधे नायसियाला बिशप जमले कारण आरियस नावाचा अलेक्झांड्रियाचा एक धर्मगुरू शिकवत होता की पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आहे, एक काळ असा होता की पुत्र नव्हता. आणि आरियस काही बायबल बाजूला ठेवून बोलत नव्हता, तो वचनं काढून दाखवत होता, 'पिता माझ्यापेक्षा थोर आहे' हे योहानाच्या शुभवर्तमानात आहेच की. दुसरी बाजू पण वचनंच काढत होती. एकच शास्त्र, दोन अर्थ, आणि प्रश्न साधासुधा नव्हता, आपण ज्याची उपासना करतो तो देव आहे का नाही इतका मुळाशी. कोणीतरी म्हणायला हवं होतं की प्रेषितांच्या श्रद्धेचा अर्थ हा आहे आणि हा नाही. ते बिशपांनी म्हटलं, आणि त्यासाठी बायबलमधे नसलेला एक ग्रीक शब्द वापरला, होमोउसिओस, पित्याशी एकतत्त्व. शब्द नवीन पण श्रद्धा जुनी, कारण लोक येशूला देव म्हणून आधीपासूनच भजत होते. 2025 मधे त्याला 1700 वर्षं झाली आणि जगभरच्या कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, प्रोटेस्टंट सगळ्यांनी ते मिळून साजरं केलं. म्हणजे मेहुणे दर रविवारी जे उभं राहून म्हणतात ते सुद्धा एका शिकवणाऱ्या अधिकाराचंच फळ आहे, हे त्यांना प्रेमाने सांगा, जिंकायला म्हणून नको.

आणि नायसियाने प्रश्न लगेच मिटला असंही नाही बरं का. त्यानंतर कित्येक वर्षं सम्राट आणि कितीतरी बिशप आरियसच्या बाजूला कलले, आरियसला विरोध करणारा अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस, त्याला पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं, आणि त्या काळात श्रद्धा धरून ठेवली ती बऱ्याच ठिकाणी साध्या लोकांनी. हे इंग्लंडचे धर्मपंडित कार्डिनल न्यूमन यांनी एकोणिसाव्या शतकात लिहिलं तेव्हा रोममधे काहींना ते रुचलं नव्हतं, पण तेच न्यूमन 2019 मधे संत झाले. अधिकार वरून खाली असा एकाच दिशेने वाहत नाही हे त्यातून कळतं. 1950 चा सिद्धांत जाहीर करायच्या आधी पोप पायसनी 1946 मधे जगभरच्या बिशपांना पत्र पाठवून विचारलं होतं की तुमचे लोक काय मानतात, आणि जवळजवळ सगळीकडून हो असंच उत्तर आलं. माझी आजी संगमनेरकडची, अक्षरओळख नव्हती तिला. फादरनी मिस्सानंतर ही बातमी सांगितली तेव्हा ती घरी येऊन म्हणाली म्हणे, "15 ऑगस्टचा मरियामातेचा सण तर आपण कधीपासून करतोय, आता रोमची सही झाली." आईने मला हे इतक्या वेळा सांगितलंय की मी तिथे होते असंच वाटतं. तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

प्रश्न : मी पिंपळगाव बसवंतचा, द्राक्षबाग आहे. आमच्या ग्रुपवर वाद झाला. कॅटेकिझममधे, म्हणजे ख्रिस्तसभेच्या शिकवणीच्या अधिकृत पुस्तकात, आधी फाशीची शिक्षा चालेल असं होतं, मग 2018 ला पोप फ्रान्सिसनी ते बदललं आणि चालणार नाही म्हटलं. एक गोष्ट बदलली तर उद्या दुसरी बदलेल, मग सिद्धांत बदलत नाहीत हे म्हणणं खोटंच ना?

दादा, हा प्रश्न मला सगळ्यात आवडला कारण यात खरी बोच आहे आणि ती झटकून टाकायची नाही.

आधी वस्तुस्थिती. 1992 च्या कॅटेकिझममधे अतिशय गंभीर गुन्ह्यासाठी राज्यसत्ता फाशी देऊ शकते असं होतं. 1995 मधे पोप जॉन पॉल दुसरे यांनी जीवनाच्या पावित्र्यावर जे परिपत्र लिहिलं त्यात ते खूप आकुंचित केलं, आजच्या काळात तशी गरज जवळजवळ कधीच पडत नाही म्हणाले, आणि 1997 च्या आवृत्तीत तसं लिहिलं गेलं. ऑगस्ट 2018 मधे परिच्छेद 2267 पुन्हा बदलला, फाशी स्वीकारता येणार नाही कारण ती माणसाच्या प्रतिष्ठेवर घाला घालते. मागे गेलात तर पोपच्या स्वतःच्या राज्यात फाशी दिली जायची आणि व्हॅटिकनच्या कायद्यातून ती तरतूद 1969 मधे गेली. म्हणजे बदल झालाय, आणि झालाच नाही म्हणण्यात अर्थ नाही.

पण बदललं ते काय? फाशी द्यावीच लागते असा श्रद्धेचा सिद्धांत कुठल्याही परिषदेने किंवा पोपनी कधी ठरवून दिलेला नव्हता. ती शिकवण होती, जबाबदारीने दिलेली, मान द्यायलाच हवा अशी, पण सिद्धांताच्या वजनाची नाही. इथेच आपली गल्लत होते. ख्रिस्तसभा जे काही बोलते ते सगळं एकाच वजनाचं धरलं की एक वीट हलली तरी पूर्ण घर पडेल असं वाटायला लागतं. 1983 च्या चर्चच्या कायद्यात कलम 749 मधे एक फार शहाणी ओळ आहे, एखादी शिकवण अचूकपणे ठरवून दिलेली आहे हे उघडउघड सिद्ध झाल्याशिवाय ती तशी आहे असं समजू नये. बघा, खुद्द कायदाच सांगतोय की उगाच सगळ्याला डॉग्मा म्हणू नका.

आणि जे खरोखर सिद्धांत आहेत त्यांचं काय? त्यांची समज वाढते, अर्थ उलटत नाही. पाचव्या शतकात लेरिन्सच्या व्हिन्सेंट नावाच्या साधूने लहान मुलाचं उदाहरण दिलं, मूल मोठं होतं, अंग भरतं, पण माणूस तोच. तुम्हाला बागेवरून जास्त लवकर कळेल. एप्रिलमधे तुम्ही खरड छाटणी करता, बघणाऱ्याला वाटतं बाग संपली, ऑक्टोबरला गोडी छाटणी करता, मग फळ धरतं. दर वर्षी काड्या नव्या, पानं नवी, मणी नवे, पण मुळावर कुऱ्हाड घालून तिथे बाभूळ लावली आणि म्हणालात की बागेचा विकास केला तर कोणी मानेल का? मॅजिस्टेरियमला छाटणीचा अधिकार आहे, वेल बदलायचा नाही. माणूस देवाच्या प्रतिरूपात निर्माण झालाय हे मूळ, आणि फाशीबद्दलची समज त्याच मुळातून पुढे आली असं मला मनापासून वाटतं. काही धर्मपंडितांना हे पटत नाही, ते म्हणतात हा बदल जुन्या शिकवणीच्या आड येतो, आणि त्यांचं म्हणणं मूर्खपणाचं आहे असं मी म्हणणार नाही. पण या बदलामुळे त्रैक्य (एका देवात तीन व्यक्ती) किंवा येशूचं पुनरुत्थान धोक्यात आलं असं त्यांच्यातलंही कोणी म्हणत नाही.

मात्र एक. सिद्धांत नाही म्हणजे मनावर आहे, असंही नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्तसभेविषयीच्या लुमेन जेन्सियुम या दस्तऐवजात, परिच्छेद 25 मधे, सांगितलंय की पोप नेहमीच्या शिकवणीत बोलतात तेव्हाही मनाने आणि बुद्धीने आदरपूर्वक कान द्यायचा, आणि ते किती जोर देऊन, किती वेळा, कशा प्रकारच्या दस्तऐवजात बोलतायत हे बघून त्याचं वजन ओळखायचं. बागेचा सल्लागार सांगतो ते तुम्ही लगेच उडवून लावत नाही ना, तो देव नाही हे माहीत असूनही. तुमच्या ग्रुपवर दोन्ही बाजूंनी ही चूक झालीये असं दिसतं, एकाने फाशीच्या जुन्या परिच्छेदाला डॉग्मा केलं आणि दुसऱ्याने नवीन परिच्छेदाला नुसतं एका माणसाचं मत करून टाकलं.

प्रश्न : माझा मुलगा धर्मगुरू व्हायचं म्हणतोय. घरात चर्चा निघाली की धर्मगुरूंनी लग्न न करणं हा पण सिद्धांतच का? आणि बायकांना धर्मगुरू होता येत नाही ते? दोन्ही एकाच खात्यात का? एक आई, जेल रोड.

नाही हो ताई, दोन्हीची खाती वेगळी. ब्रह्मचर्य हा लॅटिन परंपरेचा नियम आहे, फार जुना आणि फार मोलाचा, पण नियम. पोपशी ऐक्यात असलेल्या पूर्वेकडच्या कॅथलिक ख्रिस्तसभांमधे, उदाहरणार्थ युक्रेनमधे, लग्न झालेल्या पुरुषांना धर्मगुरुदीक्षा मिळते, आणि अँग्लिकन चर्चमधून आलेल्या काही विवाहित पाळकांना लॅटिन परंपरेतही मिळालेली आहे. उद्या एखाद्या पोपनी नियम बदलला तर श्रद्धेतलं काही बदललं असं होणार नाही. स्त्रियांच्या दीक्षेचं तसं नाही. 1994 मधे पोप जॉन पॉल दुसरे यांनी लिहिलं की ख्रिस्तसभेला तो अधिकारच नाही आणि हा निर्णय कायमचा मानावा, आणि पुढच्या वर्षी रोमच्या श्रद्धाविषयक विभागाने सांगितलं की ही शिकवण अचूक शिकवणीत मोडते. शब्द नीट बघा, आम्हाला करायचं नाही असं म्हटलेलं नाही, आम्हाला अधिकार नाही असं म्हटलंय. अनेक बायकांना हे टोचतं, मला ते टोचणं समजतं, आणि ते बोलून दाखवणाऱ्या बाईला श्रद्धाहीन म्हणू नये. मुलाला माझे आशीर्वाद सांगा, आणि ब्रह्मचर्य नियम आहे म्हणून हलकं आहे असं त्याला वाटू देऊ नका.

प्रश्न : व्हॉट्सॅपवर आलं की मरियामातेला सहतारक म्हणणं हा पाचवा मरिया सिद्धांत होणार आहे आणि न मानणारे कॅथलिक नाहीत. तसंच बाळ येशूची नऊ दिवसांची नोव्हेना मधे तुटली तर पाप लागतं का? इंदिरानगर.

पहिलं, नाही. श्रद्धाविषयक विभागाने 4 नोव्हेंबर 2025 ला पोप लिओ चौदावे यांच्या संमतीने टिपण काढलं आणि सहतारक ही पदवी वापरणं योग्य नाही असं सांगितलं, कारण तारणारा एकटा ख्रिस्त आहे हे त्याने झाकलं जातं. मरिया देवमाता आहे, सदैव कुमारी आहे, निष्कलंक गर्भसंभवाची (आईच्या पोटी आली तेव्हापासूनच आदिपापापासून मुक्त) आहे, देहासकट स्वर्गात आहे, हे चार सिद्धांत आहेत आणि तिच्यावर प्रेम करायला ते भरपूर आहेत.

दुसरं, पाप लागत नाही. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत मी लहानपणापासून जाते, सगळ्या धर्माची माणसं मेणबत्त्या घेऊन उभी असतात, आणि ती भक्ती खरी असते. पण ती भक्ती आहे. कुठल्या संताला झालेलं दर्शन, कुठली नोव्हेना, कुठलं मेडल, ख्रिस्तसभा परवानगी देते तेव्हाही ते श्रद्धेच्या ठेव्यात जमा होत नाही. नोव्हेना तुटली तर दुसऱ्या दिवशी पुढे चालू करा. आणि असला मेसेज पुढे पाठवायच्या आधी आपल्या धर्मग्रामातल्या फादरना एकदा विचारत जा, घाबरलेली म्हातारी माणसं मला येऊन विचारतात तेव्हा फार वाईट वाटतं.

प्रश्न : मी कॉलेजला आहे, कॉलेज रोडला रूम करून राहते. एक सिद्धांत मला पटतच नाही, कुठला ते लिहीत नाही. रविवारी क्रीड म्हणताना त्या ओळीला मी गप्प बसते. खोटं बोलायचं नाही म्हणून. मी अजून कॅथलिक आहे का?

बाळा, आहेस. गप्प बसतेस कारण तुला त्या शब्दांची किंमत कळते, नुसतं पाठ म्हणून टाकणाऱ्यांपेक्षा तू त्या ओळीच्या जास्त जवळ उभी आहेस.

न पटणं आणि नाकारणं यात फरक आहे. मला कळत नाहीये, मी शोधतेय, ही अडचण झाली. मला कळलंय आणि हे खोटं आहे, मी उलट सांगत सुटणार, हे नाकारणं झालं. न्यूमननी लिहिलंय की दहा हजार अडचणी मिळून सुद्धा एक संशय होत नाही, आणि हा माणूस चाळिशी उलटल्यावर सगळं सोडून कॅथलिक झाला होता, त्याला अडचण म्हणजे काय ते माहीत होतं. रोमने 1990 मधे धर्मपंडितांसाठी जो दस्तऐवज काढला त्यातही हे धरलंय, की एखाद्याला मनापासून प्रयत्न करूनही एखादी शिकवण उमगत नसेल तर ते दुःख म्हणून सोसता येतं, अभ्यास चालू ठेवता येतो, आणि सत्य शेवटी वर येईल यावर विसंबता येतं. ते लिहिलंय सिद्धांताखालच्या शिकवणीबद्दल, सिद्धांताची मागणी जास्त आहे हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण मागणी जास्त म्हणून तुला हाकलून दिलेलं नाही.

मी बावीस वर्षांची असताना मलाही एका ओळीला असंच व्हायचं. त्यावेळच्या आमच्या फादरनी मला वाद घालून पटवलं नाही, त्यांनी सांगितलं की क्रीड आपण एकट्याने म्हणत नाही, शेजारची बाई म्हणतेय, मागचा म्हातारा म्हणतोय, नायसियाचे बिशप म्हणतायत, तुझा आवाज बसलाय तोवर ते तुझ्या वतीने म्हणतील, तू फक्त उभी राहा. मी तीन वर्षं नुसती उभी राहिले.

तू ती ओळ कुठली ते मला वेगळं लिहून पाठव, छापणार नाही. आणि तो सिद्धांत नक्की काय म्हणतो ते आधी एकदा मूळातून वाच, कॅटेकिझममधे शोधायला सोपं आहे. कितीतरी वेळा आपल्याला जे पटत नसतं ते ख्रिस्तसभेने कधी म्हटलेलंच नसतं. तसं नसेल तर पुढच्या पत्रात बोलू, आणि या रविवारी सुद्धा उभी राहा.